एका ओळीचा उशीर

"चालतंय ना? मग हात लावू नकोस." प्रोग्रामर लोकांचा हा कुळाचार आहे. त्रिशला मगदूमनं अकरा वर्षांच्या नोकरीत ही शिकवण कितीतरी पोरापोरींना दिली होती. नेहल पारखीला द्यायची तेवढी राहून गेली.

नेहलचा यात काडीचाही दोष नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पोरगी हुशार, कामाला वाघ. कंपनीत येऊन तीन महिने झाले होते आणि तिला काम मिळालं होतं साफसफाईचं. यंत्राची बॅटरी जास्त टिकावी म्हणून कोडमधला पालापाचोळा काढायचा. तिनं एक्केचाळीस ओळी काढल्या. त्यातली एक ओळ यंत्राच्या नोंदवहीत फक्त दोन शब्द लिहायची: 'रुमाल टाकला'. ती नोंद कुणी वाचत नव्हतं, तिच्यावाचून काही अडत नव्हतं. चाचण्या सगळ्या पास झाल्या. नवं कोड अकरा हजार माणसांच्या कानामागच्या यंत्रात गेलं, आणि पाच आठवडे कुणाला पत्ता नव्हता.

पाच आठवड्यांनंतरच्या मंगळवारी त्रिशला सकाळी तक्रारी चाळत होती. अमरावतीच्या एक बाई लिहीत होत्या, 'यजमान शेजारपाजारच्यांना ओळखतात, मला मात्र तुम्ही कोण म्हणून विचारतात.' चिपळूणचा एक मुलगा लिहीत होता, 'आई मला बघून दार लावून घेते.' आणखी एक तक्रार बार्शीची. तिन्हींच्या खाली डॉक्टरांचा शेरा एकच: आजार पुढे सरकला. त्रिशलानं तिन्ही पुन्हा वाचल्या. विसरलं गेलेलं माणूस प्रत्येक ठिकाणी घरातलं होतं, रात्रंदिवस सोबत असणारं. तिनं गेल्या दोन महिन्यांतले बदल उघडले, आणि काढलेल्या ओळींमध्ये तिला आपलीच ओळ दिसली.

यंत्राचं नाव स्मृतिसेतू. मेंदूला झटका आलेली, विस्मरणाचा आजार जडलेली माणसं समोरच्याला ओळखेनाशी होतात. नाव आठवतं, गोष्टी आठवतात, पण समोर उभा आहे तो हाच, ही गाठ सुटते. ती गाठ यंत्र बांधून देतं. चष्म्याच्या दांडीत कॅमेरा, कानामागे कातडीखाली नाण्याएवढी चकती. चकतीत ओळखींचा एक संग्रह. प्रत्येक माणसाचा चेहरा, आवाज, चाल, आणि त्याला पाहून मनात जे हलतं ते, असं सगळं एका गाठोड्यात बांधून ठेवलेलं. माणूस समोर आला की यंत्र त्याचं गाठोडं बाहेर काढतं, मेंदूला दाखवतं, आजचा चेहरा आजचा आवाज त्यात भरतं आणि परत जागेवर ठेवतं.

आता गंमत अशी, की हे काम एक गडी करत नाही. डोळ्याचा गडी वेगळा, कानाचा वेगळा, रोज पहाटे झाडलोट करणारा तिसरा. प्रोग्रामर यांना थ्रेड म्हणतात. सगळे एकाच वेळी त्याच संग्रहात हात घालतात, आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं नसतं. डोळ्याच्या गड्यानं एखादं गाठोडं बाहेर काढलं, आणि ते त्याच्या हातात असतानाच कानाचा गडी तेच शोधत आला, तर त्याला काय दिसणार? रिकामी जागा. तो म्हणतो, असं कुणी माणूसच नाही, आणि जागा मोडून टाकतो. डोळ्याचा गडी गाठोडं ठेवायला येतो तर जागाच नाही. मग तोही हातातलं टाकून देतो.

त्रिशलानं कुलपं लावली नव्हती असं नाही. गाठोडं काढताना कुलूप, ठेवताना कुलूप. मधल्या वेळात मात्र दार सताड उघडं. नवशिक्यांची नेहमीची चूक, आणि त्रिशला नवशिकी नव्हती. शिवाय ही गोष्ट तिला कॉलेजच्या आधी घरी शिकायला मिळाली होती. अण्णा, म्हणजे तिचे वडील भूपाल मगदूम, सांगलीच्या हळदीच्या बाजारात अडत्या, शेतकऱ्यांचा माल विकून देणारे दलाल, होते. तरुणपणी ते जुन्या पद्धतीचे सौदे करत. अडत्या आपल्या हातावर रुमाल टाकायचा, व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती माणसांचा वेढा, पण दिसायचं कुणालाच काही नाही. पुढे ती पद्धत गेली, पडद्यावर आकडे आले, तरी अण्णा दोन्ही पोरांना समोर बसवून रुमालाचा खेळ खेळायचे. "एका वेळी एकच हात," ते सांगायचे. "आणि सौदा हो का नाही होईपर्यंत रुमाल उचलायचा नाही. बोटागणिक रुमाल उचललास, तर मधे दुसरा हात घालणारच की."

हे सगळं ठाऊक असून ती चुकली, कारण तिला घाई होती. सात वर्षांपूर्वी अण्णांना झटका आला होता. दवाखान्यात त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि शीतलला, तिच्या धाकट्या भावाला विचारलं, "ह्या बाई कोण?" ते तीन शब्द तिच्या काळजाला घरं पाडून गेले. स्मृतिसेतूच्या पहिल्या शंभर यंत्रांतलं एक अण्णांना मिळायचं होतं, आणि मुदतीला अकरा दिवस उरले होते. तेव्हा चाचणीत लाखात एखादी ओळख नाहीशी होताना दिसली. का होतंय हे बघायला तिनं डोळ्याचा गडी गाठोडं काढायच्या ऐन आधी एक ओळ टाकली: 'रुमाल टाकला'. ओळ टाकली आणि ओळखी हरवणं बंदच झालं. नोंद लिहायला डोळ्याच्या गड्याला क्षणाचा अगदी बारीक तुकडा जास्त लागायचा, आणि तेवढ्या उशिरात कानाचा गडी आपलं काम उरकून जायचा; दोघांची गाठच पडत नव्हती. आजार बरा झाला नव्हता, नुसता झाकला होता. खरा उपाय म्हणजे पूर्ण कामावर एकच कुलूप. तो तिनं करूनही पाहिला. त्यात गडी एकमेकांसाठी खोळंबायचे आणि माणूस गर्दीत क्षणभर आ वासून उभा राहायचा, ते नीट करायला सहा महिने हवे होते.

तिनं ओळ तशीच ठेवली. नंतर करू म्हणाली. शेजारी 'ही काढू नका' एवढं लिहून ठेवलं असतं तरी पुरे होतं, पण लिहिलं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि त्याची तिला लाज वाटली. नंतर अण्णांनी तिला "तिशे" म्हणून हाक मारली, आणि ती ओळ तिच्या डोक्यातूनच गेली.

दुपारपर्यंत तिनं ओळ परत टाकली आणि सगळ्या यंत्रांना पाठवली. मग ती केळसकर मॅडमच्या खोलीत गेली. या विभागप्रमुख. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"किती लोकांचं माणूस गेलं असेल?" त्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही. ज्याच्या डोक्यातून माणूस गेलंय, त्याला ते गेलंय हे ठाऊकच नाही. तक्रार करणार कोण?"

"मग तूर्तास लेखी काही नको. डॉक्टर आजार म्हणताहेत ना, म्हणू देत. आणि जुन्या साठ्यातून गाठोडी परत घालता येतील की."

"नाही येत, मॅडम. पहाटेची झाडलोट आहे ना."

ती सोयही कंपनीनंच मोठ्या अभिमानानं केली होती. संग्रहात जो चेहरा नाही, तो ओळखण्याच्या मेंदूतल्या खुणाही हळूहळू पुसायच्या, म्हणजे रुग्ण रस्त्यावर परक्याच्या गळ्यात पडणार नाही. महिन्याभरात मेंदू ती वाट मोडून टाकतो. त्यानंतर गाठोडं परत ठेवलं, तरी ते जोडायला मेंदूत वाटच उरलेली नसते.

"महिना उलटलाय," त्रिशला म्हणाली.

जागेवर येऊन तिनं फोन उघडला. तीन आठवड्यांपूर्वीचा शीतलचा निरोप होता: 'ताई, अण्णा हल्ली माझ्याशी नीट बोलत नाहीत. वेळ मिळाला की फोन कर.' त्यावर तिनं अंगठ्याचं चित्र पाठवलं होतं. नंतर फोन केला होता तो अण्णांना. नेहमीसारखाच, रविवारी, दहा मिनिटं.

बुधवारी दुपारी चार वाजता ती सांगलीला पोचली. टॅब्लेटमध्ये अण्णांच्या साठ्यातलं शीतलचं सहा आठवड्यांपूर्वीचं गाठोडं होतं. उपयोग होणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही एखाद्याच्या बाबतीत होईल, मेंदूचं कुणी सांगावं, असं ती वाटभर स्वतःला सांगत आली होती. आशा मोठी चिवट असते बाई.

अण्णा गॅलरीत खुर्चीवर बसले होते, खांद्यावर तोच जुना रुमाल. तिला पाहिलं आणि चेहरा उजळला.

"आलीस व्हय तिशे? वाळलीस की गं. पुण्यात जेवायला घालत नाहीत काय?"

तिला भडभडून आलं. तिनं पाय धरले. मागे शीतल पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. बेचाळीस वर्षांचा, केस पांढरे झालेले. लग्न मोडल्यापासून हा आणि अण्णा, दोघंच. अंघोळ घालणं, भरवणं, फिरवणं, सगळं तोच करायचा, आणि करताना तोंडाचा पट्टा सतत चालू.

"शीतल नाही आला तुझ्याबरोबर?" अण्णांनी विचारलं. "महिना झाला, तोंड दाखवलं नाही त्यानं."

त्रिशलानं शीतलकडे पाहिलं. त्यानं तांब्या खाली ठेवला.

"हा गडी ठेवलाय बघ," अण्णा म्हणाले. "बोलतो फार, पण हाताला चव आहे. कुठल्या गावचा रे तू?"

"इथलाच, अण्णा."

"अण्णा म्हणू नकोस. किती वेळा सांगितलं, मालक म्हण."

शीतल स्वयंपाकघरात गेला. त्रिशला त्याच्या मागे गेली.

"महिनाभर मालक म्हण, मालक म्हण लावलंय," तो ज्वारीची भाकरी कुस्करत म्हणाला. "माझ्या तोंडून निघत नाही. बाकी ठीक आहे. जेवतात, झोपतात. डॉक्टर म्हणाले, असंच जायचं आता."

"आजार नाही तो, शीतल."

तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रुमालाची ओळ, अकरा दिवस, नेहल, सगळं. मधे एकदाही त्यानं तोंड उघडलं नाही, आणि शीतल गप्प राहणं हेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं.

"म्हणजे दिसतो आणि बोलतो एकदमच, तो माणूस जातो," शेवटी तो म्हणाला.

"हो. जितक्या वेळा, तितका धोका जास्त."

"आणि तू नुसती फोनवर होतीस, म्हणून राहिलीस."

"हो."

"भारी आहे तुझं यंत्र," शीतल म्हणाला. त्यानं भाकरीवर मुगाचं वरण ओतलं. "जो राबला तो गेला, आणि लांबून खुशाली विचारणारा राहिला. जगरहाटीच उतरवलीस की त्यात."

तिला वाटलं, यानं आपल्या एक मुस्काटात मारावी. तो मारणाऱ्यातला नव्हता. त्यानं हात धुतले आणि विचारलं, "परत येतो का मी?"

"गाठोडं आणलंय. पण शीतल, बहुतेक नाही. उलट त्रास होईल कदाचित."

"घाल."

"ऐक माझं..."

"ताई, महिना झाला, ते मला रोज माझीच चौकशी विचारतात. घाल."

साडेपाच वाजले होते. अण्णा जैन रिवाजाचे कट्टर. दिवस मावळायच्या आत जेवण, नंतर पाण्याचा थेंबही नाही. मधुमेहाची गोळी जेवणाबरोबर, तीही मग राहायची, आणि गोळी चुकली की रात्रीतून दवाखाना हे दोनदा झालेलं. तासाभराचा वेळ होता. त्रिशलानं अण्णांच्या शेजारी बसून टॅब्लेट चकतीला जोडला आणि गाठोडं आत ठेवलं. शीतल ताट घेऊन समोर आला.

"अण्णा, जेवायचं ना?"

अण्णांनी वर पाहिलं. त्यांचे डोळे मोठे झाले. "शीतल," ते म्हणाले. शीतल ताट घेऊन गुडघ्यावर बसला.

अण्णांनी हात पुढे केला, त्याच्या गालाजवळ नेला, आणि विस्तव लागावा तसा मागे घेतला. चेहरा पोचला होता, आवाज पोचला होता; मनात हलायचं ते हललं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "तोंड शीतलचं आहे. आवाज त्याचा आहे. हा शीतल नाही. तिशे, कोण हा? माझ्या पोराचं तोंड लावून कोण आलाय?"

"अण्णा, मीच आहे. तुमचा शीतल. बघा तरी."

"माझ्या पोराला काय केलंस?" अण्णांचा आवाज फाटला. ते खुर्चीतून उठू लागले. ताट कलंडलं. "कुठं आहे माझा शीतल? काय केलंस त्याला?"

शीतल गॅलरीतून निघून गेला. तरी अण्णा थांबेनात. तो दाराआड उभा आहे, मला माहीत आहे, असं म्हणत ते भिंतीला पाठ लावून राहिले. त्रिशलानं घास पुढे केला तर त्यांनी तिचा हात ढकलला. पोराचा घात झालेल्या घरात अन्न कसं गिळायचं, असं ते रडत रडत विचारत होते. तिनं त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. झटका आला तेव्हासुद्धा नाही. गॅलरीच्या कठड्यावर ऊन तांबडं झालं होतं.

ती बाहेर आली. शीतल जिन्याच्या पायरीवर बसला होता.

"मी राहते इथं. मी भरवीन. तू थोडे दिवस..."

"मी कुठं जाऊ? आणि तू किती दिवस राहणार? दोन? चार?" तो चिडला नव्हता, नुसता दमला होता. "गडी म्हणून तरी माझ्या हातचं खात होते, ताई. तेवढं तरी राहू दे. काढ मला."

"शीतल, आता काढलं तर कायमचं. मेंदूनं एकदा झिडकारलंय. परत कधीच..."

"ऊन बघ किती राहिलंय. काढ."

पडद्यावर प्रश्न आला: 'शीतल भूपाल मगदूम. ही ओळख काढून टाकायची?' या वेळी त्रिशलानं घाई केली नाही. आधी डोळ्याचा गडी थांबवला, मग कानाचा, मग पहाटेचा. संग्रहावर सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकच कुलूप घातलं. मग तिनं आपल्या बोटानं 'हो' दाबलं, ओळख गेल्याची खात्री केली, आणि मगच कुलूप उघडलं. सात वर्षांपूर्वी करायचं काम तिनं आज अगदी बिनचूक केलं होतं, आणि तिला आपल्या हाताची किळस आली.

अण्णा हळूहळू शांत झाले. डोळे पुसले, भोवती पाहिलं. काय झालं होतं ते त्यांना नीट सांगता येईना. "शीतलचं काहीतरी वाईट स्वप्न पडलं," ते म्हणाले. शीतल नवीन ताट घेऊन आला आणि खाली बसला. ऊन कठड्यावरून उतरायला लागलं होतं.

"कुठल्या गावचा रे तू?" अण्णांनी विचारलं.

"इथलाच."

अण्णांनी त्याच्या हातून पहिला घास घेतला, गोळी घेतली. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि त्याच्या डाव्या हातावर टाकला. आपला हात खाली घातला. "बोल, काय देतोस?" म्हणाले. शीतलनं मान खाली घातली. रुमाल जरासा हलला. लहानपणी बसायचा तसाच तो बसला होता. त्रिशला दोन हातांवर होती, पण सौदा चालू असताना तिसऱ्यानं मधे यायचं नसतं, हे तिला त्या घरातच शिकवलं होतं.

अण्णांनी बराच वेळ तो हात धरून ठेवला.

"हात ओळखीचा वाटतो रे तुझा," ते म्हणाले. "माझ्या पोराचा हात अस्साच. तू ओळखतोस काय त्याला, शीतलला?"

"ओळखतो."

"मग भेटला तर सांग. अण्णा वाट बघतात म्हणावं."

त्रिशला तोंडात पदर कोंबून गॅलरीच्या कोपऱ्यात गेली. शीतलनं रुमालाखालचा हात हलवला नाही. दुसऱ्या हातानं पुढचा घास कालवायला घेतला.

"सांगतो, मालक," तो म्हणाला.